लाल रेघेपर्यंत पाणी

१७ मे १९५८, शनिवार. शाळेच्या स्लॅबला पाणी. माझा वार. चाळीस बादल्या.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. त्या चाळीस बादल्या घेऊन मला शिडी चढायला लावणारे आमच्या समोरच्या क्वार्टरमधले ओव्हरसियर. पाण्याला इतका भिणारा आणि पाण्यासाठी इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नव्हता, हे मी पैजेवर सांगेन. काँक्रीट कालवताना माप सोडून एक तांब्या पाणी पडलं तर त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. तेच काँक्रीट घट्ट झालं की त्याच्यावर तळं साचवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. "आत मोजून, बाहेर मोकळ्या हाताने," असं ते म्हणायचे. काँक्रीटबद्दल बोलत आहेत हे नव्या माणसाला सांगावं लागायचं, कारण पाहुण्याला चहा देतानाही ते हेच म्हणायचे.

नव्या राज्याची राजधानी भोपाळला झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांमधली माणसं कपाटं, पाटे-वरवंटे आणि म्हाताऱ्यांसकट गाडीत बसून इकडे आली, त्यात आम्ही होतो. यजमान सचिवालयात, मी मास्तरीण. क्वार्टर्स इतक्या नव्या होत्या की चुन्याच्या वासाने दूध नासतंय असं वाटायचं. सामान उतरवत होतो तेवढ्यात खाकी अर्ध्या विजारीतले एक गृहस्थ आत आले, खिशातून किल्ली काढून त्यांनी आमची भिंत चार ठिकाणी वाजवली, कान लावला, मान हलवली, मग म्हणाले, "बरी आहे. मोरीकडे खिळा ठोकू नका." आणि गेले. नाव-गाव काही नाही. भिंत वाजवल्याशिवाय ते कुणाच्याही घरात बसत नसत हे पुढे कळलं. एकदा ते यजमानांच्या वरिष्ठांकडे हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, आणायला गेले आणि दिवाणखान्याची भिंत वाजवून म्हणाले, "ही पाच वर्षांनी बोलेल." त्या घरी वहिनींना पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्यामुळे बंद झालेली घरं त्या बोटांवर मोजायच्या आणि म्हणायच्या, "तेवढीच चपलांची झीज कमी."

त्यांची खरी कसोटी भाताच्या मुदीवर होती. पंगतीत वाटीने मूद पाडली की ती कशी उभी राहते ते बघितल्याशिवाय ते वरण घालू देत नसत. वाढणारी ओणवी झालेली, पळी वर धरलेली, आणि हे पानाशी डोळे नेऊन बघताहेत. मूद वाटीच्या आकारात उभी राहिली तर "चालेल". जराशी बसली तर "पाणी बोटभर जास्त". पसरली तर बोलायचे नाहीत, पण चेहरा असा करायचे की यजमानीण आत जाऊन रडे. वेडेपणा वाटेल, पण कामावर ते हेच करायचे. पत्र्याची बिनबुडाची बादली उलटी ठेवून तिच्यात ओलं काँक्रीट ठासायचं, सळईने मोजून पंचवीस वेळा टोचायचं, बादली अलगद वर उचलायची, आणि ढीग किती बसतो ते पट्टीने मोजायचं. फार बसला तर तो माल फेकून द्या. कंत्राटदार हात जोडायचे, वरच्या साहेबांकडून निरोप आणायचे. हे पट्टी दाखवायचे. या पट्टीपायी त्यांची एका कामावरून दुसऱ्या कामावर इतकी उचलबांगडी झाली होती की नव्या राजधानीतला एकही रस्ता त्यांना विचारावा लागत नसे.

वाळूचं तर काही विचारू नका. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही हिशेबात धरायचं, म्हणून ते दिसेल त्या ढिगातली वाळू मुठीत दाबून बघायचे. दाबून झाल्यावर ती खिशात जायची. वहिनी कपडे धुताना विजारीचे खिसे अंगणात उलटे करायच्या. दोन वर्षांत तुळशीच्या कुंडीभोवती चांगला ओटा तयार झाला होता. घरातलं एकही दार वाऱ्याने आपटायचं नाही, कारण प्रत्येक दारापाशी काँक्रीटचा सहा इंची ठोकळा. कामावरच्या मालातून असे ठोकळे पाडायचे, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी खात्याच्या यंत्रात दाबून फोडायचे, किती जोराला फुटला ते लिहायचं. फुटलेले ठोकळे लोक टाकून देतात. हे घरी आणायचे. प्रत्येकावर रंगाने तारीख. "हा पुलाचा, हा दवाखान्याचा," अशी ते ओळख करून द्यायचे, जशी आपण भाचरांची देतो.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की पाणी जास्त झालं तर बिघडतं काय. वाळेलच की ते. तेव्हा ते ओट्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, "बाई, सिमेंटला धरायला पाणी लागतं थोडंच. बाकीचं आपण घालतो ते कालवणाऱ्याचा हात हलका चालावा म्हणून. सिमेंट आपल्यापुरतं पाणी पिऊन घेतं. उरलेलं उन्हाने उडून जातं. पण जाताना आपली जागा रिकामी ठेवून जातं. तिथे भोकं राहतात. डोळ्याला न दिसणारी, पण हजारो. अनारशाला जाळी हवी, छताला नको." इतकं सोपं मला ट्रेनिंग कॉलेजातही कुणी समजावलं नव्हतं. मी मान डोलावली. समजलं असंही मला वाटलं. समजणं आणि हाताला वळण लागणं यात फरक असतो हे मला वर्गातल्या मुलांबद्दल माहीत होतं, स्वतःबद्दल नव्हतं.

वसाहतीतली मराठी शाळा तेव्हा तंबूत भरायची. पहिली ते तिसरी, शिक्षिका मी एकटी. हिवाळ्यात ठीक, पावसाळ्यात फळा पुसावा लागत नसे. वसाहतीतल्या मराठी मंडळाने दोन खोल्या बांधायचं ठरवलं, भिंती उभ्या राहिल्या, आणि छतासाठी ओव्हरसियर सुट्टीच्या दिवशी फुकट उभे राहायला तयार झाले, एका अटीवर: छत पक्कं झालं की नाही हे ते सांगतील, आणि त्यांनी लिहून सही केल्याशिवाय एकही मूल आत बसणार नाही. त्या सहीचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. ती खोटी ठरली तर त्यांच्या पट्टीला पुढे कुणी विचारलं नसतं. आणि छताखाली सत्तर मुलं असणार होती, त्यातली माझी दोन.

स्लॅब पडला तो २७ एप्रिलचा रविवार. मंडळाचे झाडून सगळे कारकून घमेली घेऊन रांगेत उभे, मुकादम आणि त्याची माणसं माल कालवायला. पाण्यासाठी ओव्हरसियरांनी रॉकेलचा रिकामा डबा आणला होता, आतून लाल रंगाची रेघ ओढलेला. एका पोत्याला रेघेपर्यंत दोन डबे. बस. सकाळपासून डबा त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला सिमेंट दोन पोती कमी पडणार असं दिसलं, आणि ते आणायला त्यांना स्वतःला सायकलवर जहांगीराबादला जावं लागलं. जाताना डबा माझ्या हाती दिला.

"बाई, मंडळातल्या एकावरही माझा भरवसा नाही. सगळे सचिवालयातले, वरून कुणी सांगितलं की ऐकतात. तुम्ही मोजून वागणाऱ्या. रेघेवर थेंब नाही."

"नाही," मी म्हटलं.

ते गेले आणि ऊन असं तापलं की माल फावड्याला चिकटायला लागला. घमेली जड झाली. कोरड्या मालाने रांग अडली. दोन बाया सावलीला जाऊन बसल्या. एक म्हणाली, "हाथ नी चल रिया बाई." मुकादम माझ्यापाशी आला. "बाईसाब, माल सूख रिया है. थोड़ा पानी बढ़ा दो, फटाफट निपट जाएगा. ऐसे तो शाम तलक पड़े रहेंगे." मी म्हटलं, साहेब नाही म्हणून गेलेत. तो हसला. "साब तो कंजूस आदमी हैं. पानी की क्या कमी, इत्ता बड़ा तालाब भरा पड़ा है."

मी फावडं हातात घेऊन बघितलं. खरंच कोरडं होतं. वीस वर्षं मी कणीक मळत होते. घट्ट झाली की पाण्याचा हात लावायचा, एवढं कळायला ओव्हरसियर कशाला. शिवाय संध्याकाळच्या आत काम संपलं नाही तर अर्धवट स्लॅब राहतो, तो आणखी वाईट, हेही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे माझ्यापाशी कारण होतं, आणि ते त्यांच्याकडूनच घेतलेलं. मी डबा रेघेच्या वर भरला. चार बोटं. माल मऊ झाला, रांग धावायला लागली, बाया उठल्या. सहा पोती तशी गेली. सवयीप्रमाणे मी प्रत्येक पोत्याला पाटीवर रेघ ओढत होते. तो माल वायव्येच्या कोपऱ्यात पडला, जिथे पहिलीचा वर्ग बसवायचा होता.

ओव्हरसियर परत आले तेव्हा डबा पुन्हा रेघेपर्यंत भरलेला होता. ते शिडी चढून वर गेले, कोपऱ्यापाशी थांबले. गिलाव्यासारखा गुळगुळीत दिसत होता तो, वर पाण्याचा पातळ थर.

"बाई, पाणी सुटल्यासारखं दिसतंय इथे."

"आताच सड्यासारखं शिंपडलंय वरून. ऊन फार होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी उकरून पाहिलं असतं. माझं सांगणं ऐकलं आणि पुढे गेले. ठोकळे त्यांनी सकाळच्या मालातून पाडले होते, आणि पुन्हा संध्याकाळच्या. मधल्या सहा पोत्यांचा ठोकळा नव्हताच.

नंतरचे तीन आठवडे पाणी घालण्याचे. स्लॅबवर मातीचे बांध घालून त्यांनी वाफे पाडले, अगदी मेथी लावावी तसे, आणि प्रत्येक घराला वार लावून दिले. नळाला पाणी तासभर यायचं. बायकांनी घरच्या आंघोळी अर्ध्या बादलीवर आणल्या, पण वाफे कोरडे पडू दिले नाहीत. पडले तर ओव्हरसियर कचेरीत जाऊन नवऱ्याला विचारायचे, आणि ती शरम आंघोळीपेक्षा मोठी होती. सात दिवसांचे ठोकळे फुटले ते अपेक्षेपेक्षा चांगल्या जोराला. त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. म्हणाले, अठरा तारखेच्या रविवारी सकाळी खालचे टेकू काढू, आणि टेकू निघाल्यावर पहिली पंगत त्याच छताखाली. वायव्येच्या कोपऱ्यात, पहिलीच्या वर्गात, पहिलं पान त्यांचं. पान वाढणार मी. "मूद तुम्ही पाडा बाई. तुमची बसत नाही."

म्हणून ती सतरा तारखेची संध्याकाळ. वायव्येच्या वाफ्याचा बांध फुटून तो दुपारभर कोरडा पडला होता. मी नवा बांध घालण्यासाठी तळहाताने माती पुसली आणि हात पांढरा झाला. पुन्हा पुसला, पुन्हा पीठ. शेजारच्या वाफ्यातलं पाणी लोटून तिथे पुसला तर काही नाही. अंबाड्यातला आकडा काढून मी दोन्हीकडे ओरखडून पाहिलं. शेजारी आकडा घसरला. इथे रेघ उमटली, नखभर खोल. मी उरलेल्या बादल्या भरल्या, कारण त्या भरायच्याच होत्या, आणि समोरच्या क्वार्टरमध्ये गेले.

वहिनी पंगतीचे तांदूळ निवडत होत्या. ते नोंदवहीत दुसऱ्या दिवसाचं लिहीत होते.

"भाऊजी, तुम्ही सिमेंट आणायला गेलात तेव्हा मी रेघेच्या वर पाणी घातलं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "किती?"

"चार बोटं."

"किती पोत्यांना?"

"सहा."

"नक्की?"

"पाटीवर रेघा ओढल्या होत्या."

"म्हणजे चुकीचंसुद्धा मोजून केलंत," ते म्हणाले. वहिनींचा सुपावरचा हात थांबला होता. ओव्हरसियर म्हणाले, "मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. मी खोटं बोलले."

ते किल्ली खिशात टाकून उठले. आम्ही दोघं स्लॅबवर गेलो. त्यांनी किल्लीने ओरखडलं, पीठ बोटांवर घेऊन चोळलं, आणि फुटलेल्या बांधावर बसले. इतके दिवस ज्यांना मी कुणाच्याही मुदीवर तोंड वेडंवाकडं करताना पाहिलं होतं, ते माझ्यासमोर तोंड नेहमीसारखं ठेवून बसले होते, आणि ते बघणं मला जड गेलं.

"उद्या तुम्ही याच्याखाली बसणार होतात," मी म्हटलं. "म्हणून आले."

"मी बसलो असतो तर बहुतेक काही झालं नसतं," ते म्हणाले. "छत असं उद्या पडत नाही. पाच-सात पावसाळे भोकांतून पाणी झिरपतं, आतल्या लोखंडाला गंज धरतो, मग एक दिवस पापुद्रा सुटतो. तोवर मी कुठल्या तरी दुसऱ्या गावी असेन. तुम्ही इथेच वर्ग घेत असाल."

"मग आता?"

"आता या कोपऱ्याचे टेकू निघत नाहीत. मध्ये खांब घ्यायचा. वर लोखंडी गर्डर आडवा. वर्गात मधोमध खांब येईल. तुम्हाला मागची दोन मुलं दिसणार नाहीत."

"मी फिरून शिकवीन."

खाली येऊन त्यांनी नोंदवहीत लिहिलं: वायव्य कोपरा, सहा पोती, पाणी जास्त. आणि पुढे स्वतःचं नाव. मी म्हटलं, इथे माझं नाव हवं. "साइट माझी," ते म्हणाले. "डबा माझ्या हातात होता," मी म्हटलं, आणि त्यांची पेन्सिल उचलून खाली माझं नाव लिहायला लागले.

"शाईने लिहा," ते म्हणाले. "पेन्सिल खोडता येते."

वहिनींनी दौत आणून दिली.

शाळा त्या जुलैत भरली. खांबाचं कारण मंडळाला मी स्वतः सांगितलं. अध्यक्ष दोन महिने माझ्याशी मोजकं बोलत होते. पुढे मुलांनी खांबाभोवती शिवणापाणीचा खेळ बसवला, आणि नव्याने येणाऱ्यांना आता वाटतं की पहिलीच्या वर्गात खांब असतोच. दोन वर्षांनी ओव्हरसियरांची बदली एका धरणावर झाली. ट्रकमध्ये ठोकळे सर्वांत आधी चढले. एक मात्र वहिनींनी आमच्या दाराशी ठेवला, संध्याकाळच्या मालातला, २७-४-५८. अजून आमचं दार तोच धरून ठेवतो. पंगतीत मूद पाडली की मी अजून वरणाची पळी क्षणभर वर धरते. कुणी ओणवून बघत नाही. मग वाढते. उरलेलं पाणी जाताना काय करतं ते त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं होतं. माणसांबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं.

पण त्या अठरा मेला सकाळी मी पंगतीचा भात वहिनींवर सोपवला आणि सहालाच शाळेवर गेले. मुकादमाची माणसं पहाटेच येऊन खांबाचा खड्डा खणून उभी होती. ओव्हरसियर सिमेंटचं पोतं फोडत होते. लाल रेघेचा डबा भिंतीशी पडलेला होता. तो ते कुणाच्या हाती देतात ते मी बघत होते. त्यांनी डबा उचलला, आतून पुसला, माझ्यासमोर ठेवला, आणि पाठ फिरवून वाळू मुठीत दाबायला गेले.

मी डबा भरला. रेघेच्या वर बोटभर आलं होतं, ते ओतून टाकलं. डबा डोळ्यांसमोर धरून एकदा बघितला, आणि मुकादमाला म्हटलं, "चलो."